साडेबारा हजार किलोमीटर आणि आपल्या पोटऱ्या

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब आहे? या साध्या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. नकाशा सांगतो, साधारण १२,५०० किलोमीटर. विमान कंपनी सांगते, थेट विमानाने सुमारे १६ तास. तिकिटावरच्या वेळा पाहिल्या, तर मात्र जेमतेम साडेपाच तास दिसतात. कारण हिवाळ्यात मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीड वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी सकाळी सातच्या सुमारास उतरते.

मुलीच्या बाळंतपणाला, मुलाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला किंवा नातवंडांना डोळे भरून पाहायला महाराष्ट्रातील कितीतरी आईवडील हा प्रवास करतात. त्यातले बरेच जण साठी-सत्तरीतले असतात. कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. व्हिसाची तयारी महिनोन् महिने चालते. बॅगेचे वजन तीनदा केले जाते. मेतकूट आणि डिंकाचे लाडू कोणत्या बॅगेत ठेवायचे, यावर घरात चर्चा होते. सोळा तास एका जागी बसून राहणाऱ्या शरीराचे काय, हा प्रश्न मात्र बहुधा निघतच नाही.

वर सांगितलेल्या तिन्ही उत्तरांचा शरीराशी वेगवेगळा संबंध आहे. किलोमीटर आणि तास पायांशी, तर घड्याळातला फरक झोपेशी आणि औषधांशी. हा हिशेब समजून घेतला, तर प्रवासाचा आनंद कमी होत नाही. उलट तिकडे पोहोचल्यावरचे दिवस सुखाचे जातात.

नकाशावरची सरळ रेघ लांबची

भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क सरळ रेघेने जोडले, तर ती रेघ अरबस्तान, आफ्रिकेचे उत्तर टोक आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. त्या रेघेने उडायचे ठरवले, तर सुमारे १४,२०० किलोमीटर अंतर कापावे लागेल. पण पृथ्वी गोल आहे. शाळेतला पृथ्वीगोल घेऊन या दोन शहरांवर दोरा ताणून धरला, की तो उत्तरेकडे सरकतो. मध्य आशिया, रशिया, उत्तर युरोप असा वर चढत तो आइसलँडच्या जवळ ६५ अंश अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या थोडेसेच खाली, पोहोचतो आणि कॅनडाच्या बाजूने न्यूयॉर्ककडे उतरतो. हा मार्ग सुमारे १२,५०० किलोमीटरचा. गोलावरच्या दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर हेच. त्याने १,७०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दोन तास वाचतात. सीटसमोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडे का चालले आहे, या अनेकांना पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

प्रत्यक्षात विमान या आदर्श मार्गाने तंतोतंत जात नाही. वारा, हवामान आणि देशोदेशींच्या हवाई हद्दी त्याला वळवतात. २०२२ पासून रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांचे मार्ग लांबले आणि काहींना वाटेत इंधनासाठी थांबावे लागले. राजकारणाचा निर्णय असा थेट प्रवाशाच्या पायांपर्यंत पोहोचतो.

वाऱ्याचाही वाटा मोठा आहे. विमाने उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जाताना सोळा तास लागले, तर येताना चौदाच्या आसपास लागतात. अंतर तेच, पण बसण्याचे तास वेगळे.

किलोमीटर आणि रक्ताची गुठळी

अंतराचा आणि आजाराचा संबंध किती थेट असू शकतो, हे पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावरील एका अभ्यासाने दाखवून दिले. १९९३ ते २००० या काळात तेथे उतरलेल्या सुमारे साडेतेरा कोटी प्रवाशांपैकी ५६ जणांना फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचा गंभीर आजार झाला होता. डॉक्टरांनी हे रुग्ण प्रवासाच्या अंतरानुसार मांडले. ५,००० किलोमीटरपेक्षा कमी प्रवास केलेल्यांमध्ये हे प्रमाण दहा लाखांत ०.०१ होते. ५,००० च्या पुढे ते १.५ झाले आणि १०,००० किलोमीटरच्या पुढे ४.८. मुंबई ते न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटर आणि मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५००. दोन्ही प्रवास शेवटच्या गटातले.

आकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. दहा लाखांत पाच हे प्रमाण लहानच आहे. पण या अभ्यासात फक्त विमानतळावर उतरताच गंभीर झालेले रुग्ण मोजले होते. गुठळीचा त्रास अनेकदा काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे नंतरचे रुग्णही धरले गेले. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो आणि चार तासांहून लांबच्या विमानप्रवासानंतर निरोगी व्यक्तींमध्ये सुमारे सहा हजारांत एकाला हा त्रास होतो, असे त्यात दिसले. बस, रेल्वे आणि मोटारीच्या लांब प्रवासालाही हे लागू आहे. थोड्या दिवसांत अनेक प्रवास झाले, तर धोका साठत जातो.

म्हणजे दोष विमानाचा कमी आणि बसून राहण्याचा जास्त. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला विमानप्रवास सर्रास होण्यापूर्वीच लक्षात आली होती. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक रात्र-रात्र भुयारी निवाऱ्यांत खुर्च्यांवर बसून काढत. त्या काळात फुप्फुसातील गुठळीने होणारे मृत्यू वाढल्याचे कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी नोंदवले. १९५४ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद जॉन होमन्स यांनी दीर्घकाळ बसल्याने पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात विमानप्रवासानंतरचा रुग्णही होता. पुढे या त्रासाला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. ते फसवे आहे. बिझनेस क्लासमध्येही न उठता बसून राहणाऱ्याच्या पायात गुठळी होऊ शकते.

पोटरी थांबली की रक्त रेंगाळते

हृदय रक्त खाली पायांपर्यंत ढकलते, पण पायांतले रक्त वर आणायला त्याला मदत लागते. ती मदत पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, खोलवरच्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात.

तासन् तास बसल्यावर हा पंप बंद पडतो. गुडघा वाकलेला असतो, सीटची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते आणि रक्त पायांत रेंगाळते. रेंगाळलेले रक्त गोठण्याकडे झुकते. कुठल्याशा खोल शिरेत लहान गुठळी धरते आणि वाढत जाते. या अवस्थेला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात. तिचा तुकडा सुटून रक्तासोबत हृदयातून फुप्फुसात गेला आणि तेथील रक्तवाहिनीत अडकला, तर तो पल्मनरी एम्बॉलिझम. मोठा तुकडा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो.

या संशोधनातील एक निष्कर्ष आपल्याकडच्या आई-आज्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. विमानप्रवासात फार उंच माणसांप्रमाणेच १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वापाच फुटांपेक्षा, कमी उंचीच्या व्यक्तींनाही धोका जास्त आढळला. विमानातल्या सीटची उंची सर्वांना सारखी असते. बुटक्या व्यक्तीचे पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत, ते लोंबकळतात आणि सीटची कड अधिक रुतते, हे त्यामागचे संभाव्य कारण. पायांखाली ब्लँकेटची घडी किंवा लहानशी पिशवी ठेवणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

घरापासून घरापर्यंत

तिकिटावरचे सोळा तास हा खरा आकडा नव्हे. सांगलीचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य मुलाकडे न्यू जर्सीला निघाले आहे, असे समजू. घरातून मोटारीने मुंबईला यायला सात-आठ तास. विमानतळावर तीन-चार तास आधी पोहोचायचे, म्हणजे तेथील खुर्च्यांवर आणखी बसणे. मग सोळा तासांचे विमान. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि शेवटी मुलाच्या मोटारीतून तासभर. बेरीज अठ्ठावीस-तीस तासांवर जाते आणि त्यातला बहुतेक वेळ बसून. पायांच्या दृष्टीने प्रवास सांताक्रूझला नव्हे, सांगलीतच सुरू झालेला असतो.

म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे मुक्कामी यावे. रात्रभर आडवे होऊन झोप मिळाली, की बसण्याची साखळी तुटते. मोटारीनेच यायचे असेल, तर दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच-दहा मिनिटे चालावे.

विमानतळावरच्या व्हीलचेअरचाही इथे विचार करायला हवा. ज्यांना चालताना त्रास होतो, त्यांनी ती जरूर घ्यावी. पण अनेक धडधाकट आई-बाबा इंग्रजीची भीती आणि मोठ्या विमानतळावर हरवण्याची धास्ती यांमुळे व्हीलचेअर मागतात. धास्ती खोटी नाही, मुलांनाही त्यामुळे निर्धास्त वाटते. मात्र दोन लांब बैठकांच्या मध्ये चालण्याची जी एकमेव संधी असते, ती त्यामुळे हुकते. व्हीलचेअर घेतलीच, तर प्रतीक्षाकक्षात सोडल्यावर खुर्ची सोडून वीस मिनिटे फेऱ्या माराव्यात.

थांबा कुठे, हे महत्त्वाचे

थेट विमान घ्यावे की मध्ये उतरून दुसरे पकडावे, हा प्रश्न घराघरात विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा भाड्यावर ठरते. आरोग्याच्या बाजूने पाहिले, तर किती ठिकाणी थांबा आहे यापेक्षा तो कुठे आहे, हे पाहावे.

मुंबई ते दुबई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर, प्रवास तीन तासांचा. पण दुबईहून न्यूयॉर्क अजून ११,००० किलोमीटर लांब आहे, म्हणजे चौदा तासांची बैठक उरतेच. या थांब्याने भाडे कदाचित वाचेल, लांब बैठक फारशी कमी होत नाही. याउलट मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५०० किलोमीटर. बेरीज १२,७००, म्हणजे सर्वांत जवळच्या मार्गाहून जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. लंडन किंवा फ्रँकफर्टसारखे शहर वाटेवर जवळजवळ मध्यावर येते. ज्यांचे गुडघे आखडतात, पाय सुजतात किंवा ज्यांना डॉक्टरांनी सलग बसू नका असे सांगितले आहे, त्यांच्यासाठी असा मधला थांबा उपयोगी ठरू शकतो. अर्थात तिथे उतरून चाललो तरच. ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी तपासावेत आणि दोन विमानांच्या मध्ये किमान तीन तास ठेवावेत. धावपळ झाली, तर वयस्कर माणसाला थांब्याचा फायदा होण्याऐवजी दमणूक होते.

कळसूबाईच्या माथ्यावर सोळा तास

विमान ३५ ते ४० हजार फुटांवर उडते. तिथली हवा माणसाला जगवू शकत नाही, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते. पण तो दाब जमिनीवरच्या इतका नसतो. जुन्या धाटणीच्या विमानांत तो जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा राखला जातो, म्हणजे उटीहून थोड्या अधिक उंचीवर बसल्यासारखे. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत ही उंची ६,००० फुटांच्या आसपास असते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट आहे. त्याहून थोडेसेच वर.

निरोगी माणसाला यात काही जाणवत नाही. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण थोडे उतरते, एवढेच. पण ज्यांना जुना दमा किंवा सीओपीडी आहे, हृदयाची ताकद कमी आहे, हिमोग्लोबिन फार खाली आहे, त्यांना हा फरक सोसेल का, हे आधी तपासून घ्यावे. घरात जिना चढताना किंवा पन्नास पावले चालताना धाप लागत असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे शहाणपणाचे.

दाब कमी झाला की शरीरातील बंदिस्त हवा फुगते. त्यामुळे कान दडे बसतात, पोट गच्च होते. प्रवासाच्या दिवशी हरभरा, वाटाणे, फसफसणारी पेये टाळणे यासाठीच. एका रुग्णाने मात्र विमानात पाऊलच ठेवू नये. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करून ज्याच्या डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला आहे, त्याच्या डोळ्यात हा बुडबुडा फुगून दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. नेत्रतज्ज्ञांनी बुडबुडा विरल्याचे सांगेपर्यंत प्रवास नको.

केबिनमधली हवा कोरडीही असते. आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली. घसा, नाक, डोळे कोरडे पडतात. अनेक जण, विशेषतः महिला, प्रसाधनगृहात जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. ही सवय सोडावी. पाणी प्यायल्याने उठावे लागते आणि उठावे लागणे हाच तर औषधाचा भाग आहे.

घड्याळाचा घोळ आणि गोळ्या

भारतीय वेळ न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असते. सॅन फ्रान्सिस्कोशी हा फरक अनुक्रमे साडेतेरा आणि साडेबारा तासांचा, म्हणजे दिवसाची अक्षरशः रात्र. प्रवासी उतरतो तेव्हा तिथे सकाळचे सात वाजलेले असतात आणि त्याच्या शरीरात संध्याकाळचे साडेपाच.

शरीराचे हे घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असते. ते कसे चालते याचा शोध घेणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ उजेडाच्या तालावर चालते आणि दिवसाला साधारण एक ते दीड तासच सरकते. त्यामुळे पूर्ण जुळायला आठवडा, कधी त्याहून अधिक लागतो. पोहोचल्यावर दिवसा घराबाहेर उजेडात फिरणे, दुपारी फार तर अर्धा तास डुलकी काढणे आणि तिथल्या वेळेनेच जेवणे, हे त्यावरचे उत्तम उपाय. पहिल्या आठवड्यात आजी-आजोबांनी रात्री एकट्याने बाळ सांभाळण्याची किंवा मोटार चालवण्याची जबाबदारी घेऊ नये.

खरी काळजी औषधांची. अमेरिकेला जाताना प्रवाशाचा दिवस चोवीस तासांऐवजी साडेचौतीस तासांचा होतो, तर परतताना तेवढाच आखडतो. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन रोज रात्री नऊला घेणाऱ्याने परतीच्या प्रवासात केवळ घड्याळ पाहून डोस घेतला, तर दोन डोस फार जवळ येतात आणि साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. जाताना उलट मोठी फट पडते. रक्त पातळ करणाऱ्या आणि फिट्सच्या गोळ्यांबाबतही हेच. यासाठी निघण्यापूर्वी दोन आठवडे आपल्या डॉक्टरांना विमानाच्या वेळा दाखवून औषधांचे वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावे. विमानात एक मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्यावे. इन्सुलिन आणि सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते आणि बॅग हरवू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह घ्यावी, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे तिकडे कोणाला कळत नाहीत. आपले पॅरासिटामॉलही तिथे ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते.

विमानात काय करावे

शक्यतो मार्गिकेकडची जागा मागावी. खिडकीपाशी बसलेला माणूस शेजाऱ्याला त्रास नको म्हणून उठतच नाही. पुढच्या सीटखाली मोठी बॅग कोंबून पायांची जागा अडवू नये. जागे असेपर्यंत दर तासा-दीड तासाला उठून एक फेरी मारावी. पट्टा बांधण्याची सूचना असेल तेव्हा बसल्या जागी टाचा उचलाव्यात, मग चवडे उचलावेत, घोटे गोल फिरवावेत. प्रत्येकी वीस वेळा. पायावर पाय टाकून बसणे, घट्ट कमरपट्टा, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. गोळी घेऊन आठ तास एकाच स्थितीत झोपणे म्हणजे पोटरीला कुलूप लावणे.

गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे, घोट्याशी १५ ते ३० मिलिमीटर पारा इतक्या दाबाचे, लांबच्या प्रवासात लक्षणे न दाखवणाऱ्या गुठळ्या कमी करतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. ते मापाचे हवेत. मधुमेहामुळे किंवा धूम्रपानामुळे ज्यांच्या पायांचा रक्तपुरवठा कमी झाला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत.

पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया किंवा गुडघा-खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेले, पायाला प्लास्टर असलेले, गर्भवती आणि बाळंतपणाला सहा आठवडे न झालेल्या महिला, तसेच इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिला यांचा धोका अधिक असतो. त्यांपैकी काहींना प्रवासापुरते रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते. शेजाऱ्याने सांगितले म्हणून ॲस्पिरिन सुरू करणे मात्र चुकीचे. हृदयविकारासाठी ती आधीपासून चालू असेल, तर ती चालूच ठेवावी.

विमाने आता आणखी लांब उडत आहेत. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा १५,३०० किलोमीटरहून लांबचा प्रवास साडेअठरा तासांच्या वर चालतो. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने न्यूयॉर्क ते सिडनी असे १९ तास १६ मिनिटांचे चाचणी उड्डाण केले. त्यात संशोधक मुद्दाम सोबत होते. उजेड, जेवण आणि झोप यांच्या वेळा सिडनीच्या वेळेनुसार ठेवल्या होत्या आणि प्रवाशांकडून ठरावीक वेळाने व्यायाम करून घेतला गेला. नेहमीच्या विमानात असे करून घेणारे कोणी नसते. ते प्रवाशाला स्वतःच करावे लागते.

लपवू नका, सांगा

लांब प्रवासानंतर दोन्ही पाय थोडे सुजणे सामान्य आहे. रात्रभर झोपल्यावर ही सूज उतरते. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, हाताला गरम लागली किंवा लालसर दिसली, तर त्याच दिवशी तपासणी हवी. ती पोटरी चोळू नये, मालीश करू नये. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे, खोकल्यातून रक्त पडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तातडीची लक्षणे. अमेरिकेत ९११ आणि महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर लगेच मदत मागावी. डॉप्लर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनने निदान होते आणि वेळेत औषध मिळाले, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

वेळ बहुधा दवाखान्यात नव्हे, घरातच जातो. अमेरिकेतला औषधोपचार महाग आहे, हे आईवडिलांच्या कानावर असते. मुलाला खर्चात कशाला टाकायचे, सुनेची सुट्टी कशाला मोडायची, म्हणून पाय दुखत असूनही ‘प्रवासाने आखडला असेल’ असे म्हणत ते दोन-तीन दिवस काढतात. हेच दोन-तीन दिवस महागात पडतात. म्हणून निघण्यापूर्वी पुरेसा प्रवास विमा घ्यावा आणि जुने आजार त्यात बसतात का, हे नीट वाचावे. मुलांनीही आईवडील पोहोचल्यावर पहिले आठ-दहा दिवस ‘प्रवास कसा झाला’ एवढेच न विचारता ‘पाय दाखवा’ असेही म्हणावे.

परतल्यानंतरही हीच काळजी घ्यावी. गावी आल्यावर दहा दिवसांनी पाय सुजला, तर रुग्ण डॉक्टरांना मुरगळल्याचे सांगतो, संधिवाताची शंका बोलून दाखवतो आणि अमेरिकेहून नुकतेच आलो, हे सांगायचे राहून जाते. त्याच्या मते प्रवास संपलेला असतो. शिरेतल्या गुठळीचा धोका त्यानंतरही काही आठवडे राहतो. तेव्हा परतीच्या तिकिटावरची तारीख लक्षात ठेवावी आणि पुढचे दोन महिने पायाची किंवा श्वासाची तक्रार घेऊन ज्या कोणा डॉक्टरांकडे जाल, त्यांना ती आधी सांगावी.